धुण्याच्या खोलीचा उतार

१ जुलै, सोमवार. सकाळी ६.१०

भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये चौतीस वर्षं लॉगबुक लिहिलं. रिटायर झाल्यावर सवय सुटली. आजपासून परत सुरू, कारण काम निघालं आहे.

काम : तळघरातल्या धुण्याच्या खोलीत पाणी तुंबते.
मुदत : चार आठवडे.
जबाबदार व्यक्ती : शेषराव बोरकुटे, माजी असिस्टंट जनरल मॅनेजर, पाणीपुरवठा. म्हणजे मी.

पार्श्वभूमी, रेकॉर्डसाठी. १८ जूनला बायको, अन्नपूर्णा, मशीन लावायला खाली गेली आणि तुंबलेल्या पाण्यात घसरली. उजवं मनगट मोडलं. हाक ऐकताच मी तडक खाली गेलो. दवाखाना, एक्स-रे, प्लास्टर, सगळं त्याच दिवशी उरकलं. दुसऱ्या दिवशी गीतांजली आणि जावई नागपूरहून गाडी घेऊन आले आणि तिला घेऊन गेले. एका हातानं ती घर कसं करणार, असं पोरीचं म्हणणं. बरोबर म्हणणं. सहा आठवड्यांचं प्लास्टर, म्हणजे जुलैच्या शेवटी परत.

ती येईल तेव्हा खोली खडखडीत कोरडी पाहिजे. तिला आधी काही सांगायचं नाही. सरप्राइज.

६.४०. फोन करून सांगून टाकलं. राहवलं नाही. ती बरं म्हणाली.

२ जुलै, मंगळवार

पाहणी केली. नऊ पायऱ्या, खाली दहा बाय बाराची खोली. भिलाईच्या या जुनवानी भागात तळघर असलेलं घर आमचंच. प्लॉट घेतला तेव्हा सगळ्यांनी नको म्हटलं होतं. अन्नपूर्णाही नको म्हणत होती. मी ड्रॉइंग स्वतः केलं. वॉशिंग मशीनला सिमेंटचा ओटा आणि फाउंडेशन बोल्ट. अख्ख्या भिलाईत दुसऱ्या कोणाच्या मशीनला नसतील.

बारा वर्षं पाणी उत्तम गेलं. मागे खोलगट धानाचं शेत होतं, जमिनीतल्या जाळीतून पाइप थेट तिकडे. मग शेताची कॉलनी झाली, भराव पडला, नवीन नाली झाली, आमचा पाइप तिला जोडला. तेव्हापासून कुरकुर. अन्नपूर्णा तीन वर्षांपासून म्हणत होती की मशीन वर, मागच्या व्हरांड्यात न्या. बोल्ट मारलेली मशीन अशी उचलून नेत नाहीत, हे मी तिला वेळोवेळी समजावलं आहे.

निष्कर्ष : जमिनीचा उतार बिघडला. दुसरं काही नाही.

सकाळी ९ ला फोनमध्ये अलार्म वाजतो. अन्नपूर्णाच्या बीपीच्या गोळीचा. तिनेच माझ्या फोनमध्ये लावला होता, कारण तिचा फोन कुठेही पडलेला असतो. बंद कसा करायचा माहीत नाही. ती आली की करेल.

४ जुलै, गुरुवार

शेजारच्या भय्याजींनी न विचारता कमलेश नावाचा प्लंबर पाठवला. भय्याजी दुर्ग लाइनवर गार्ड होते. रेल्वेच्या माणसांना पाण्यातलं काय कळते. पण आला तर आला.

कमलेशने एक लांब पारदर्शक नळी आणली, पाण्याने भरली. एक टोक मला देऊन नालीपाशी उभं केलं, दुसरं घेऊन तो खाली गेला. पाणी दोन्ही टोकांना एकाच उंचीवर थांबते, गवंडी लोक असंच लेव्हल पाहतात. मग मला खाली बोलावून भिंतीवर पेन्सिलची रेघ दाखवली. जमिनीपासून वीतभर वर. म्हणाला की नाली या उंचीवर आहे, आपण नालीच्या खाली उभे आहोत.

मी म्हटलं नळीत बुडबुडा असेल. त्याने परत मोजलं. रेघेवर रेघ पडली.

मी त्याला दाब, वेग, ग्रॅव्हिटी फ्लो समजावून सांगितलं. त्याने सगळं ऐकलं आणि म्हणाला, "पानी पढ़ा-लिखा नहीं है साब. नीचे ही जाएगा."

त्याचे दोन उपाय. एक, कोपऱ्यात खड्डा करून छोटा पंप बसवा, तो पाणी उचलून वर नालीत टाकेल. दोन, मशीन वरच्या व्हरांड्यात न्या. दुसरं ऐकून मी चमकलो. हा आणि अन्नपूर्णा कुठे कधी बोलले असतील?

चहा पाजून पाठवून दिला.

९ जुलै, मंगळवार

फरशी उकरली. गवंडी दोन दिवस होता, पण डोकं माझं. जाळीकडे बरोबर चार इंच उतार. गोटी सोडून पाहिली. सरळ जाळीवर जाऊन थांबली. फार समाधान वाटलं. गोटीचा व्हिडिओ अन्नपूर्णाला पाठवला. तिने अंगठा पाठवला. डाव्या हाताने टाइप करणं अवघड असते.

१४ जुलै, रविवार

फोनवर बोललो. डॉक्टर म्हणतात हाड किंचित वाकडं जुळलं. मी सांगितलं की इथेही उतार एका कोपऱ्यात पाव इंच वाकडा आला आहे, दुरुस्त करून राहिलो. तिने विचारलं जेवता काय. मी सांगितलं की सिमेंटला अजून चार दिवस पाणी मारावं लागेल.

एकूण संभाषण चांगलं झालं.

१९ जुलै, शुक्रवार. ११.००

ट्रायल रन. दोन बादल्या पाणी ओतलं. पाणी सुंदर चालीने जाळीकडे गेलं. जाळीत शिरलं. मी टाळी वाजवली. एकटाच होतो, तरी वाजवली.

११.०४. पाणी जाळीतून वर आलं. ओतलं त्यापेक्षा जास्त आलं. नालीतलंही आलं. त्यात कोणाच्या तरी घरच्या तांदळाचं धुवण होतं.

उताराचा फायदा एवढा झाला की आधी पाणी खोलीभर पसरायचं, आता एकाच ठिकाणी चार इंच खोल जमते.

२० जुलै, शनिवार

रात्रभर विचार केला. उतार बरोबरच होता, चूक बाहेरची आहे. बाहेरचं आत येऊ द्यायचं नाही, एवढंच करायचं आहे. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे एकाच दिशेने उघडणारी झडप. असे शेकडो व्हॉल्व्ह मी प्लांटमध्ये पास केले. मुदत दोन आठवडे वाढवली. मुदत वाढवणं हे अपयश नव्हे, प्लॅनिंगचा भाग आहे.

२८ जुलै, रविवार

अन्नपूर्णा अंध मुलांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते म्हणे. गीतांजलीच्या खालच्या मजल्यावर एक रिटायर बाई राहतात, त्यांचं हे काम आहे. सातवीचा इतिहास अर्धा झाला. गीतांजलीने मला दोन मिनिटांचा तुकडा पाठवला. मी ऐकला. म्हणजे सुरुवात ऐकली. तेवढ्यात हार्डवेअरवाल्याचा फोन आला.

लग्नाच्या आधी ती मास्तरीण होती, वरोऱ्याला, आठ महिने. मीच विसरलो होतो. बरं आहे, प्लास्टर निघेपर्यंत वेळ जाईल.

३१ जुलै, बुधवार

प्लास्टर काल निघालं. मी लगेच विचारलं, कोणत्या गाडीने येतेस, मी दुर्ग स्टेशनवर येतो. ती म्हणाली की फिजिओथेरपी आहे, महिनाभर. फिजिओथेरपी भिलाईतही होते, सेक्टर ९ ला होते, पण मी जास्त बोललो नाही. मलाही महिनाभर मिळतोच आहे. दोन्ही कामांचं वेळापत्रक आपोआप जुळलं.

६ ऑगस्ट, मंगळवार

व्हॉल्व्ह बसवला. शंभर टक्के यशस्वी. बाहेरचं एक थेंब पाणी आत येत नाही.

दुपारी. आतलंही बाहेर जात नाही.

कमलेश रस्त्याने जात होता, त्याने तळघराच्या खिडकीतून पाहिलं. भिंतीवरच्या त्याच्या रेघेकडे फक्त बघितलं. पाणी त्या रेघेच्या दोन बोटं खाली होतं. रेघ पुसून टाकायची आहे. पेन्सिलची आहे, तरी निघत नाही.

११ ऑगस्ट, रविवार

मग तीन बादल्यांनी पाणी उपसून वर आणलं. नऊ पायऱ्या. एकेचाळीस फेऱ्या. कंबर धरली.

अन्नपूर्णा तीन वर्षं हे करत होती काय? तुंबलं की काय करतेस, असं मी कधी विचारलं नसेल. खोली कोरडी असायची मी जायचो तेव्हा. मला वाटायचं पाणी उशिरा का होईना पण जाते.

हा मुद्दा तपासून पाहायला पाहिजे. फोनवर विचारणार होतो. ती रेकॉर्डिंगला गेली होती.

१७ ऑगस्ट, शनिवार

निर्णय : खड्डा आणि पंप. ही कल्पना कमलेशची नाही. पंप ही कोणाची खाजगी कल्पना नसते. मी तीस हजार लिटरचे पंप चालवले, बादलीएवढ्या खड्ड्याला प्लंबर कशाला. सगळं स्वतः बसवलं. पाणी वाढलं की तरंगता फ्लोट वर उचलला जातो, पंप चालू. पाणी उतरलं की फ्लोट खाली, पंप बंद. लहान पोरालाही जमेल.

१८ ऑगस्ट, रविवार. सकाळी ८.००

पंप चालू झाला. बंद झाला नाही. फ्लोट दोरीत अडकला होता. बाहेरचा पाइप निसटून भय्याजींच्या फाटकाकडे वळला. साबणाचं पाणी त्यांच्या व्हरांड्यात, चपलांच्या खाली. खड्डा कोरडा झाल्यावर पंप तसाच फिरत राहिला आणि जळला. तळघरभर रबराचा वास.

भय्याजी आले. रागावले नाहीत, हेच जास्त लागलं. चपला उन्हात ठेवता ठेवता विचारलं, वहिनी कधी येऊन राहिल्या. मी म्हटलं पोळ्यापर्यंत. त्यांनी उरलेली चप्पल उलटी करून ठेवली. मग म्हणाले की तुम्हीच एकदा नागपूरला जाऊन या.

काम असं अर्धवट टाकून? गार्ड लोकांना डबे मोजायची सवय, काम तडीस नेणं वेगळं.

२५ ऑगस्ट, रविवार

गीतांजलीचा फोन. एकटीच बोलली, आईला न सांगता. विचारत होती की त्या दिवशी आई किती वेळ पडून होती. आईने कधी सांगितलं नाही, पण दवाखान्याच्या कागदावर पडल्याची वेळ साडेसात लिहिली आहे आणि मी तिला फोन केला तेव्हा सव्वाआठ वाजून गेले होते.

मी सांगितलं की वेळ लिहिण्यात लोक हलगर्जी करतात.

रेकॉर्डसाठी. हाक आली तेव्हा टीव्हीवर बातम्या होत्या. मी आलो म्हटलं. ती पाण्यासाठी नेहमीच हाक मारायची, मला वाटलं नेहमीची हाक. बातम्या संपत आल्या होत्या. फार तर दहा मिनिटं.

दुसरी हाकही आली होती. तिसरी हळू होती. ती हाक होती की मशीनचा आवाज, सांगता येत नाही.

पंधरा मिनिटं धरू.

३ सप्टेंबर, मंगळवार

कमलेशला बोलावलं. पंप जळाल्याचं कारण व्होल्टेज, असं सांगितलं. तो हो म्हणाला. काल त्यांच्या गावी पोरा होता, म्हणजे आपला पोळा; घरी तळलेली बेसनाची ठेठरी आणि गुळाची खुरमी पिशवीत घेऊन आला. भाभीजींसाठी, म्हणाला. मी ठेवून घेतली.

त्याने खड्डा थोडा खोल केला, आत प्लास्टिकची टाकी बसवली, फ्लोट दोरीऐवजी कांबीवर लावला, पाइप वरून भिंतीला धरून थेट नालीच्या माथ्यावर सोडला. जाळीचा जुना पाइप सिमेंटने बुजवला आणि माझा व्हॉल्व्ह काढून या नव्या पाइपला लावला. म्हणाला, व्हॉल्व्ह बढ़िया है साब, बस जगह ग़लत थी. सकाळी दहाला सुरू केलं, तीनला हात धुतले.

दहा बादल्या ओतल्या. पंप चालू, पंप बंद. पाणी गेलं. बसून पाहत राहिलो. परत आलं नाही.

माझ्या मूळ प्लॅनमध्ये थोडी दुरुस्ती होऊन काम पूर्ण झालं, असं लिहायला हरकत नाही.

५ सप्टेंबर, गुरुवार. ६.००

खोली कोरडी. भिंतीला चुना मारला. पायऱ्यांना कठडा बसवला. तो पंधरा वर्षं का नव्हता, माहीत नाही. ड्रॉइंगमध्ये नव्हता.

पुढचं सगळं स्पष्ट दिसून राहिलं. १० तारखेला महालक्ष्म्या बसणार. आमच्या घरी आईच्या वेळेपासून बसतात. त्या सासरघरीच बसतात, दुसरीकडे नाही. म्हणजे अन्नपूर्णाला यावंच लागते. ९ ला येईल. यादी केली : सोळा भाज्या, आंबिलीसाठी ज्वारीचं पीठ, केळीचे खांब.

६ सप्टेंबर, शुक्रवार

महालक्ष्म्यांचे मुखवटे सापडत नाहीत. पितळेचे, आईचे. देवघराच्या खालच्या कपाटात लाकडी पेटीत असतात. पेटीच नाही. माळा पाहिला. पलंगाखाली पाहिलं. तळघरात तर नसणारच.

दुपारी. भय्याजींना विचारलं. त्यांनी सांगितलं की १९ जूनला जावईबापू गाडीत सामान ठेवत होते, तेव्हा वहिनींनी एक लाकडी पेटी मांडीवर घेतली होती. हाताला प्लास्टर, तरी कोणाला धरू दिली नाही.

जूनमध्ये. महालक्ष्म्या सप्टेंबरात.

खुलासा : तळघराची ओल वर चढते, पितळ काळं पडते. तिने ते वाचवायला नेले. दूरदृष्टीची बाई आहे.

८ सप्टेंबर, रविवार

फोन केला. ती म्हणाली की या वर्षी इकडेच बसवून राहिलो, तुम्ही जेवायला या. मी म्हटलं, येतो.

दुर्गहून ११ तारखेची सकाळची गाडी. परतीची १२ तारखेला दुपारी, दोन सीट, एक खिडकीची. महालक्ष्म्या उठल्या की सोबतच निघू. पंपाचा व्हिडिओ काढला, दोन मिनिटं चाळीस सेकंद. सुरुवातीला जुने फोटो, मग काम, मग कोरडी जमीन.

११ सप्टेंबर, बुधवार. नागपूर

जे झालं ते क्रमाने लिहितो.

साडेअकराला पोचलो. हॉलमध्ये महालक्ष्म्या बसल्या होत्या. आईचेच मुखवटे, चिंचेने घासलेले, नवीन नथ. एकीला हिरवं लुगडं, एकीला निळं. अन्नपूर्णा आतून आली. तिचं मनगट थोडं वाकडं दिसते. ती बारीक झाली आहे, पण आजारी दिसत नाही. उलट. मला कोणता शब्द लिहावा सुचत नाही.

बिल्डिंगमधली माणसं जेवायला होती. खालच्या रिटायर बाई होत्या. दोन मुली होत्या, पांढऱ्या काठ्या भिंतीला टेकवून पाटावर बसलेल्या. त्यातली एक अन्नपूर्णाच्या आवाजाकडे तोंड फिरवायची, ती जिकडे जाईल तिकडे. जेवताना ती मुलगी म्हणाली की काकूंनी वाचलेला धडा ती झोपताना लावते. सगळे हसले, अन्नपूर्णा लाजली. मी लाजताना तिला कधी पाहिलं होतं, आठवलं नाही.

पुरणपोळी, आंबील, सोळा भाज्या. सगळं तिने आणि गीतांजलीने केलं. मी दोनदा वाढून घेतलं.

जेवणं झाल्यावर ती गॅलरीत येऊन बसली. तिथेच त्यांची मशीन आहे, कोपऱ्यात, बोल्ट-बिल्ट काही नाही. मी व्हिडिओ दाखवला. तिने पूर्ण पाहिला. मध्ये उठली नाही, दुसरीकडे पाहिलं नाही. दोन मिनिटं चाळीस सेकंद.

"छान झालं," ती म्हणाली. "आता कोणी पडणार नाई."

मी तिकीट दाखवलं. तिने हातात घेतलं नाही. खाली रस्त्यावर पाहत होती.

"तुमाले वाटते का मी पाण्याले भिऊन आली?"

मी म्हटलं, मंग कावून आली?

तिने सांगितलं. आवाज चढवला नाही. रेकॉर्डिंगमध्ये वाचते तसाच, सावकाश. जसं बोलली तसं लिहितो.

"तुमी खाली आले तवा मी पाण्यात पडून होती. तुमी मले ओलांडून गेले. पयले जाळीत हात घातला, कचरा काढला, पाणी उतरू देलं. मंग मले उचललं. तेवढा वेळ मी तुमच्या पाठीकडे पाहून राहिली होती."

मी सांगितलं की पाण्यात करंट उतरलेला असू शकतो. आधी पाणी काढणं हा सेफ्टीचा नियम आहे.

"असन," ती म्हणाली. "मी भांडून नाई राहिली. उशिरा आले त्याचंही नाई. तुमी ओलांडून गेले अन् मले नवल नाई वाटलं. नवल नाई वाटलं, त्याचंच मले लय वाईट वाटलं."

गीतांजली चहा घेऊन आली आणि कप दारातच ठेवून परत गेली.

मी विचारलं, आता कठडा पण बसवला आहे, तो पाहायला तरी येशील काय. ती माझ्याकडे पाहून हसली. वाईट नाही हसली. लहान पोराकडे पाहतात तशी. मग म्हणाली की चहा थंडा होऊन राहिला.

१२ सप्टेंबर, गुरुवार. गाडीत

गोंदिया गेलं. खिडकीच्या सीटवर पिशवी ठेवली आहे. डोंगरगडला एक माणूस विचारेल, इथे कोणी आहे काय. काय सांगायचं ते ठरवून ठेवायला पाहिजे.

रेकॉर्डसाठी. करंटची खरंच भीती असती तर मी आधी वरचा मेन स्विच बंद केला असता. नोकरीत शेकडो लोकांना हे शिकवलं. त्या दिवशी मी स्विच बंद केला नव्हता. मी चपला काढल्या, पायजमा वर केला आणि जाळीकडे गेलो. ती मध्ये होती.

करंट हा शब्द मला काल गॅलरीत सुचला.

२९ सप्टेंबर, रविवार

तरी परिस्थिती दिसते तेवढी वाईट नाही. तिने कायमचं असं काही म्हटलेलं नाही. विचारांना वेळ लागतो. दसऱ्यापर्यंत थांबावं. दरम्यान धुण्याच्या खोलीत टाइल्स. रंग तिला विचारून. विचारणं महत्त्वाचं आहे, हे आता माझ्या लक्षात आलं आहे.

विचारलं. ती म्हणाली तुम्हाला आवडेल तो लावा.

पांढऱ्या लावल्या.

१३ ऑक्टोबर, रविवार

काल दसरा झाला. भय्याजी सोनं देऊन गेले, सोबत डबा. आज सकाळी नेसायला धुतलेलं काही उरलं नाही. जूनपासून कपडे प्रेसवाल्याच्या घरी धुवायला जात होते, तो दसऱ्याला गावी गेला तो आठवडाभर येणार नाही.

म्हणून मशीन लावायला खाली गेलो. तेव्हा कळलं की मला मशीन लावता येत नाही. साडेतीन महिने तिच्या पाण्याचा बंदोबस्त केला. ती चालू कशी होते ते पाहिलंच नव्हतं. सात बटणं आहेत.

फोन लावला. अन्नपूर्णाने उचलला. मी काही प्रस्तावना केली नाही, मशीन कशी लावायची तेवढं विचारलं. तिने फोन कॅमेऱ्यावर घ्यायला सांगितला. मग एक-एक. पांढरे वेगळे करा. खिसे पाहा. पावडर डावीकडच्या खणात, एकच चमचा, जास्त नाही. नळ उघडा. आता तिसरं बटण. दाबून धरा. आवाज आला काय. मी म्हटलं आला. ती म्हणाली, झालं, आता झाकण उघडू नका.

मी फोन ठेवला नाही. तिनेही ठेवला नाही. मशीन फिरत होती. आम्ही दोघं ती फिरताना पाहत होतो, मी इथून, ती तिकडून. मी तिला विचारलं की तुंबलेलं पाणी ती कशी काढायची. तिने सांगितलं, बादलीने, आणि शेवटी फडक्याने. किती वेळ लागायचा? दीड तास.

मग पाणी सुटलं, खड्ड्यात गेलं, पंप चालू झाला, बंद झाला. मी म्हटलं, "अन्नपूर्णा, तू वापस येशीन काय?"

इथे मी लिहिलं होतं : ती विचार करून सांगते म्हणाली. ते खोडलं.

ती म्हणाली, "नाई. मी इथं बरी आहो." आणि थोड्या वेळाने, "कपडे लवकर काढा. मशीनीत राहिले तर वास येते."

लगेच काढले. गच्चीवर वाळत घातले. चौदा बनियन, पाच शर्ट, तीन पायजमे, एक टॉवेल. पांढरे वेगळे केले होते तरी एका बनियनला निळा डाग लागला.

मग खाली जाऊन पाहिलं. जमीन कोरडी होती.